गुलाबाचा शॉट

भाग्यश्रीने माउसने 'नॉइज' लिहिलेली पट्टी डावीकडून उजवीकडे ओढली आणि पडद्यावरची बाई नाहीशी झाली. घडलं ते इतकंच. पडद्यावर गुलाबाचा मळा होता, सकाळच्या उन्हातला. समोर एक टपोरं लाल फूल आणि मागे ओळीच ओळी. डाव्या कोपऱ्यात बांधाच्या कडेने डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई चालत होती. ती आता नव्हती. तिच्या जागी एक गुळगुळीत हिरवा डाग पुढे पुढे सरकत होता, आणि पाटी, पदर, हात सगळं त्या डागात जिरून गेलं होतं. मागे चहाचा ग्लास घेऊन उभा असलेला समाधानदादा खूश होऊन म्हणाला, "वा! एकही मुंगी राहिली नाही बघ. कोण म्हणेल कॅसेटवरचा शॉट आहे म्हणून?" भाग्यश्रीला सणसणीत कानाखाली बसल्यासारखं झालं. कान गरम झाले, डोळ्यांत पाणी आलं आणि पहिल्यांदा मनात आलं ते हे, की समाधानदादाच्या हातातला तो गरम चहा घ्यावा आणि त्याच्याच तोंडावर फेकावा. तो बिचारा भला माणूस होता. त्याने तिच्यावर कधी आवाजसुद्धा चढवला नव्हता. तिने पट्टी परत मागे ओढली. वळवळणाऱ्या ठिपक्यांच्या मुंग्या आल्या, आणि मुंग्यांबरोबर बाईही आली, डोक्यावर पाटी घेऊन. "राहू दे ना साफ," समाधानदादा म्हणाला. "बघते," भाग्यश्री म्हणाली आणि त्याची पाठ वळेपर्यंत स्क्रीनवरून नजर हलवली नाही.

पंचवटीत मालेगाव स्टँडच्या मागच्या गल्लीत समाधानदादाचा स्टुडिओ होता, आणि त्या दोन हजार तीन सालच्या लग्नसराईत गावातल्या निम्म्या शूटिंगवाल्यांच्या टेपा त्याच्याकडे मिक्सिंगला यायच्या, कारण कॉम्प्युटर त्याच्याकडे होता. लग्नाची कॅसेट म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला वाटतं तेवढं सोपं नाही. ऐन मुहूर्ताला बॅटरी उतरते, कुणाचा तरी मामा कॅमेऱ्यापुढे पाठ करून उभा राहतो, अंतरपाटाच्या वेळी लाइट जातो. मग त्या भोकांवर ठिगळं लावायला प्रत्येक स्टुडिओत एक स्टॉकची कॅसेट असते. रामकुंडावरचे दिवे, सनई, तांदूळ पडणारे हात, उमलणारी फुलं. समाधानदादाने आधी बाजारातून फुलांची एक कॅसेट आणली होती. तिच्यात कुठल्या तरी परदेशातली पिवळी-जांभळी फुलं होती आणि तीही फाटलेली. फाटलेली म्हणजे त्याच्या भाषेत, चित्र चौकोनाचौकोनांचं झालेली. "आपल्या नाशकात गुलाबाला काय दुष्काळ आहे का?" असं म्हणून त्याने भाग्यश्रीच्या खांद्यावर कॅमेरा दिला होता. ती तेव्हा नुकतीच लागली होती. हळदीच्या वेळी बायकांत पुरुष कॅमेरावाला नको म्हणतात, म्हणून त्याने एक मुलगी ठेवली होती, ती ही. मखमलाबादेत तिच्या वडिलांचा, खंडेरावांचा, गुलाबाचा मळा होता. ती सकाळी उठली, मळ्यात गेली आणि शॉट घेतला. शहाण्णव सालचा श्रावण होता, थोरली बहीण, प्रतिभाताई, सणाला माहेरी आली होती आणि सवयीने फुलं तोडायला उतरली होती.

तो शॉट मग नाशकाच्या लग्नांना असा काही चिकटला की विचारू नका. गुलाब दिसायचा, गुलाबातून हळूहळू नवरीचं तोंड उगवायचं, खाली नावं यायची. कुणाच्याही लग्नाची कॅसेट असो, सुरुवात मखमलाबादच्या मळ्यातून. आणि प्रत्येक वेळी डाव्या कोपऱ्यातून प्रतिभाताई चालत जायची. कुणाचं लक्ष गेलं नाही. लग्नाच्या कॅसेटमध्ये माणूस स्वतःला शोधतो, दुसऱ्याच्या मळ्यातली मजूर बाई कशाला बघेल? पण कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून पुन्हा कॅसेट असं करत गेलं की दर खेपेला चित्र थोडं मरतं. आधी ताईचे नाक-डोळे गेले. मग लुगड्याचा लाल रंग काठातून बाहेर सांडायला लागला. मग हात आणि पाटी एक झाले. शेवटी उरलं ते तिचं चालणं, उजवा पाय थोडा बाहेर टाकत, आणि तेही मुंग्यांच्या आड. भाग्यश्रीला मात्र तेवढ्यात सगळं दिसायचं. दर मोसमात, दर लग्नात, लोक नवरीचं तोंड उगवायची वाट बघत असताना ती आपल्या बहिणीला कोपऱ्यातून नीट पलीकडे पोचवायची. तिच्या मनात कुठेतरी घट्ट बसलं होतं की जोवर नाशकात लग्नं होताहेत तोवर ताई चालतेय. खुळंच ते, पण होतं.

आता कॉम्प्युटर आला आणि समाधानदादाला स्वच्छतेचं वेड लागलं. त्याच्या लेखी पापं दोनच, मुंग्या आणि फाटणं. भाग्यश्री ही दोन्ही पापं टाळण्यात अख्ख्या पंचवटीत हुशार होती. नव्या पोरींना ती सांगायची, अंधारातला शॉट उजळायला जाऊ नका, उजेड वाढवला की आधी मुंग्या उजळतात, माणूस नंतर. जेवढ्यास तेवढं चित्र ठेवा, ताणलं की फाटणार. साफ करायचं औषध बेताने लावा, नाहीतर मुंग्यांबरोबर कातडीही जाते आणि नवरी प्लास्टिकची दिसते. हे सगळं शिकवायचं आणि दुपारी सगळे डबा खायला गच्चीवर गेले की स्वतःच दार लोटून तो कोपरा मोठा करायचा. आणखी मोठा. आणखी. ताई जवळ यायची, यायची आणि तोंड दिसेलसं वाटलं की फाटायची. हिरवे, तपकिरी, लाल चौकोन. चौकोनांना नाक नसतं. एकदा तिने त्यातला एक तपकिरी चौकोन धरून ठेवला होता कितीतरी वेळ, हा गाल असेल, असं म्हणून. मग तिचं तिलाच हसू आलं, आणि हसताना टेबलाच्या कडेवर तिने मूठ अशी आपटली की करंगळी सुजली.

ताई जळून मेली. त्याच साली, दसऱ्याच्या तोंडावर, झेंडूचे ढीग पडलेले असताना. तिचं सासर इथेच, पंचवटीत, नदीकडे उतरणाऱ्या बोळात. खाली हारांचं दुकान, वर घर. नवरा हिरामण, सासू अक्काबाई. खंडेरावांची फुलं त्याच दुकानात जायची, त्याच ओळखीतून सोयरीक झाली होती. स्टोव्ह भडकला म्हणाले. ताई स्टोव्हवर स्वयंपाक करत नव्हती, घरात गॅस होता, हे बोळातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण सगळे मूग गिळून बसले. दवाखान्यात ताईला पांढऱ्या जाळीखाली ठेवलं होतं आणि त्या वासाने भाग्यश्री भिंतीला धरून ओकत होती. बाहेर फौजदाराने खंडेरावांना विचारलं, तुमची काही तक्रार? खंडेरावांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली, खाली बघितलं आणि म्हणाले, नाही. भाग्यश्री ओरडली होती, "अण्णा, माझ्याकडे कॅसेट आहे, ताईनं दाखवलंय, तिनं सांगितलंय सगळं." खंडेरावांनी तिला दंडाला धरून जिन्याखाली ओढत नेलं. तिचा दंड नंतर आठवडाभर काळानिळा होता. "बाही वर केलेली पोरगी चार पोलिसांना दाखवू? मेल्यावर तिची इज्जत काढू? आणि घरात तू आहेस लग्नाची." भाग्यश्रीचं लग्न काही झालं नाही ते नाहीच. पण त्या संध्याकाळी तिने कोयता घेतला आणि मळ्यात घुसली. तिने गुलाब बुंध्यापासून तोडायला सुरुवात केली. दसऱ्याला निघायचा माल, हातभर दांड्यांचा, काट्यांचा. हात रक्ताने माखले, चेहऱ्यावर ओरखडे उठले, तरी ती तोडत राहिली, कारण एका बुंध्याला एक घाव आणि एका घावाला हिरामणची मान, असं तिचं चाललं होतं. खंडेराव धावत आले. औषध फवारायच्या नळीने त्यांनी तिला मारलं, नळी फाटेपर्यंत. मारताना ते रडत होते. पुढच्या साली त्या जमिनीत टोमॅटो लागले.

आणि आता फेब्रुवारीच्या त्याच आठवड्यात, ज्या आठवड्यात ती बाई पडद्यावरून नाहीशी झाली, गंगापूर रोडच्या कुठल्याशा शूटिंगवाल्याने मिक्सिंगसाठी टेपा पाठवल्या. भाग्यश्रीने पहिली टेप लावली, हळदीची. पाटावर बसलेल्या नवरदेवाने तोंडावरचा हात काढला आणि तो हिरामण होता. जरा सुटला होता, कपाळ मागे गेलं होतं, पण तोच. हसताना वरचा ओठ एका बाजूने उचलायची तीच लकब. अक्काबाई त्याच्या गालाला हळद लावत होती, जाड भिंगांच्या चष्म्यातून डोळे बारीक करून, त्याच हातांनी. भाग्यश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने चित्र थांबवलं. हिरामणचं तोंड मोठं केलं, इतकं मोठं की ते फाटलं, हळदीचे पिवळे चौकोन झाले, आणि ती ते चौकोन आणखी मोठे करत गेली, ठेचत गेली, शेवटी अख्खा पडदा एकाच पिवळ्या रंगाचा झाला. मग तिने कापायचं हत्यार उचललं, कॉम्प्युटरवरचं, त्याला ब्लेडचंच चित्र असतं. त्याच्या शॉटवर ती ते मारत सुटली. हसण्याच्या मधोमध. हात वर होताना. घास तोंडाशी नेताना. तुकडे, तुकड्यांचे तुकडे. टाइमलाइनवर खिम्यासारखा ढीग झाला. कुणाला काही झालं नाही. तिकडे बोळात हिरामण बहुधा जेवून वामकुक्षी करत असेल. तिने एक बटण दाबलं आणि सगळे तुकडे परत जुळले. तो परत हसला. कॉम्प्युटरचा हाच तर गुण, तिथे केलेलं सगळं माघारी घेता येतं.

नवरी सटाण्याकडची होती, तृप्ती नावाची. वीस-एकवीस वर्षांची, सावळी, दात थोडे पुढे. मेंदीच्या वेळी ती कॅमेऱ्याकडे बघून शूटिंगवाल्याला विचारत होती, "लाइट डोळ्यांत येतो, जरा खाली करशाल का?" आणि त्याने केला नाही तर स्वतःच हात आडवा धरून हसली. भाग्यश्रीने ते हसणं दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघवेना. टेपमध्ये मागे कुठेतरी दोन बायका कुजबुजत होत्या, कॅमेऱ्याच्या माइकने ते पकडलं होतं. पहिली काविळीनं गेली म्हणे. हो, पोटात पाणी झालेलं. भाग्यश्रीने कानावरचे फोन काढले आणि हात मांडीखाली दाबून बसली. समाधानदादा आत डोकावून म्हणाला, "ह्याचं लवकर उरक गं. रविवारी त्यांना दाखवायचंय, मुलीकडचेही येणार आहेत. सुरुवातीला गुलाब टाक, तो साफ केलेला. आणि मला चांदवडला लग्न आहे, तर तूच जाऊन बस तिथे." स्टुडिओची रीतच होती ती. तयार झालेलं लग्न पहिल्यांदा घरात सगळ्यांसमोर लावायचं आणि स्टुडिओच्या माणसाने शेवटपर्यंत बसायचं, आत्या राहिली, मामा अर्धाच दिसला असं कुणी म्हणालं तर लक्षात ठेवायला. समाधानदादाला प्रतिभाताई माहीत होती, तिचं सासर कुठलं ते मात्र त्याने कधी विचारलं नव्हतं. "जाते," भाग्यश्री म्हणाली.

गुलाब टाकायचा होता. हिरामणच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये, नव्या नवरीच्या तोंडाआधी, मखमलाबादचा मळा. साफ केलेला टाकला तर ताई पुसली जाणार, आणि पुसून कुणाच्या लग्नात, तर ह्याच्या. मुंग्यांसकट टाकला तर ताई त्याच्या घरात शिरून कोपऱ्यातून निघून जाणार आणि त्या घरातल्या एकालाही ती दिसणार नाही. मग त्या मुलीचं काय? चिठ्ठी लिहावी? फाडतील. सटाण्याला जाऊन सांगावं? जुन्या सोयऱ्यांचा जळफळाट म्हणतील. भाग्यश्री विचार करकरून थकली आणि मग जे ती नव्या पोरींना रोज सांगायची तेच तिला कुणीतरी सांगितल्यासारखं आठवलं. कॉपीचं तोंड धुऊन काही होत नाही. मूळ टेपकडे जा.

मूळ टेप घरी होती, आईच्या पेटीत, ताईच्या रुखवताच्या शालीत गुंडाळलेली. खंडेरावांना वाटत होतं ती कधीच पुसली गेली. आई, नवसाबाई, पेटीजवळ बसून लसूण सोलत होती. भाग्यश्रीने पेटी उघडली तेव्हा तिने सरकून जागा दिली. आवाज आला तो ओट्यावरून, खंडेरावांचा. "काय उकरून ऱ्हायलीस?" "ताईला," भाग्यश्री म्हणाली. ते उठून दारात आले. म्हातारा झाला होता माणूस, पण हात अजून तसलेच, खोऱ्याएवढे. "ती कॅसेट तू पुसली व्हती." "नव्हती पुसली." "आण इकडं." "अण्णा, हिरामणनं दुसरं केलंय. सटाण्याची पोरगी आहे." खंडेरावांचा हात पुढे आला तो तसाच हवेत राहिला. भाग्यश्री त्यांच्याकडे बघत होती आणि तिला हवं होतं, मनापासून हवं होतं, की त्यांनी मारावं, म्हणजे आपल्यालाही मारता येईल. लसणाची पाकळी खाली टाकून नवसाबाई म्हणाली, "जाऊ द्या तिला. एक डाव तुमचं ऐकलं." खंडेरावांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि टोमॅटोकडे निघून गेले.

टेपवर बुरशी धरली होती. पांढरी, रिळाच्या कडेकडेने. अशी टेप यंत्रात घातली की हेड घाण होतं आणि कधी कधी टेप अडकून चावली जाते. एकदाच काय ते मिळालं तर मिळालं. सकाळी स्टुडिओ उघडण्याआधी तिने दार लावून घेतलं, मऊ फडक्याने जमेल तेवढी बुरशी पुसली, हातानेच रीळ पुढे मागे फिरवून सैल केलं आणि देवाचं नाव न घेता बटण दाबलं. आधी नुसत्या मुंग्या. पांढऱ्या रेघा वरून खाली सरकत होत्या. मग गुलाब. इतका लाल गुलाब तिने सात वर्षांत बघितला नव्हता, पाकळीवरचं दव होतं त्याच्यावर. आणि कोपऱ्यात ताई, नाक-डोळ्यांसकट. स्टॉकचा शॉट जिथे संपायचा तिथे हा संपत नव्हता. ताई बांधावरून वळली आणि कॅमेऱ्याकडे यायला लागली. "बंद कर गं भागे," ती म्हणाली, तोंडभर हसत. पाटी खाली ठेवली. घाम पुसायला हात वर नेला आणि ब्लाउजची बाही मागे सरकली. कॅमेरा हलला, कारण कॅमेऱ्यामागच्या मुलीचा हात हलला होता. कोपरापासून वर एकाखाली एक आडव्या डागण्या होत्या, काही काळ्या, काही अजून ओल्या. त्या मुलीचा आवाज, लहान, चिरका: "ताई, हे काय?" ताईने बाही खाली ओढली. मग काय वाटलं कोण जाणे, तिनेच परत वर केली, आणि भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली, "उलथनं तापवलं सासूनं. ह्यांनी हात धरला व्हता माझा, हलू नये म्हणून. आईला नको सांगू. पुसून टाक बरं का हे." एवढ्यात टेप करकरली, चित्र तुटलं, यंत्राने टेप चावून बाहेर फेकली. पण आलं होतं. कॉम्प्युटरमध्ये सगळं आलं होतं. भाग्यश्री जमिनीवर बसली आणि गुडघ्यांत तोंड खुपसून जनावरासारखी ओरडली. बाहेर गल्लीत कुणीतरी शटर वर करत होतं, त्या आवाजात ते मिसळून गेलं.

मग तिने काम केलं, आणि इतकं चांगलं काम तिने आयुष्यात केलं नव्हतं. औषध लावलं नाही. रेघा होत्या त्या राहू दिल्या. उजेड वाढवला नाही, कोपरा मोठा केला नाही, ताई जेवढी होती तेवढीच ठेवली. सीडीत कोंबून भरलं की हलणारी माणसं फाटतात, म्हणून दोनऐवजी तीन सीड्या केल्या आणि पहिल्या सीडीला भरपूर जागा दिली. गाणं नेहमीचं सनईचं. पण ताई बांधावरून वळते तिथे ते संपवलं. ताईच्या आवाजाला काही लावलं नाही. त्यानंतर तृप्तीचं तोंड, डोळ्यांवर आडवा हात धरलेलं, हसणारं. दोन संच केले, एक मुलाकडचा आणि एक मुलीकडचा, आणि मुलीकडच्यांचा संच रविवारी बोळाच्या तोंडाशी वाट बघून तृप्तीच्या वडिलांच्या हातात आधीच दिला. साधा शेतकरी माणूस, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. त्याने सीड्या पिशवीत नीट, रुमालात गुंडाळून ठेवल्या.

वरच्या खोलीत बोळातली दहा-बारा माणसं जमली होती. हिरामणने तिला ओळखलं, जिन्यावरच. त्याचा ओठ वर गेला तो तिथेच राहिला. पण सासरे बसलेले, शेजारीपाजारी बसलेले, करतो काय? "तू?" तो दातांआडून म्हणाला. "स्टुडिओतून आलेय," भाग्यश्री म्हणाली आणि दाराजवळच्या स्टुलावर बसली. अक्काबाईने चष्म्यातून डोळे बारीक केले. "कुणाची गं तू?" "स्टुडिओवाली हाय," हिरामणच घाईने म्हणाला. तृप्ती चहा घेऊन आली. बांगड्या कोपरापर्यंत. भाग्यश्री त्या हातांकडे बघत होती, बांगड्या वरखाली होताना मधली कातडी दिसते का ते. काही दिसलं नाही. चहा तिने घेतला नाही. ह्या घरातलं पाणीही तिला नको होतं.

गणपती आला. सनई आली. गुलाब आला, दवासकट, आणि कुणीतरी म्हणालं, काय झकास फूल आहे. बाई कोपऱ्यातून चालली. सनई थांबली, बाई वळली, आणि एक म्हातारा हसून म्हणाला, "ही कुठली बाई घुसली मधीच?" कडेच्या एका शेजारणीने तोंडावर पदर धरला. तिला कळलं होतं. "बंद कर गं भागे," ताई म्हणाली, आणि त्या आवाजाने अक्काबाईच्या हातातली बशी खाली पडली. हिरामण उठेपर्यंत बाही वर गेली होती. उलथनं तापवलं सासूनं. ह्यांनी हात धरला व्हता माझा. हिरामणने टीव्हीची वायर ओढली. ती निघेना म्हणून त्याने प्लेअरच उचलून भिंतीवर घातला. पडदा काळा झाला. तृप्तीने विचारलं, "ही कोन शे?"

"प्रतिभा," भाग्यश्री म्हणाली. "माझी बहीण. ह्यांची पहिली. काविळीनं नाही गेली. जाळली हिला, ह्याच घरात." पुढचं तिला सलग आठवत नाही. हिरामणच्या मुठीत तिची वेणी होती. दाराची चौकट एकदा कपाळावर आली, पुन्हा आली. तोंडात खारट लागलं. ती ओरडली नाही. तिने त्याच्या मनगटात दात रोवले आणि सोडले नाहीत, इतक्या वर्षांचं सगळं त्या चाव्यात होतं, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं, फार बरं वाटत होतं. त्याचं तोंड तिच्या तोंडापासून वीतभर होतं, घामाच्या थेंबासकट, एकही मुंगी नसलेलं. अक्काबाई किंचाळत होती, "हान तिला, हिरामण, हान! धरून ठेव मी आले!" आणि ती हात पुढे करून, चाचपडत, खरंच येत होती. ते ऐकलं सगळ्यांनी. तृप्तीनेही ऐकलं. भाग्यश्रीला एका डोळ्यातून दिसलं, तृप्तीने आपल्या वडिलांकडे बघितलं. वडिलांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि खाली बघितलं. "तृप्ती, बठ खाले," ते म्हणाले. "मंग बोलूत."

शेजाऱ्यांनी कसंबसं सोडवलं. भाग्यश्री जिना उतरली ती भिंतीला धरत. नदीकडून वारा येत होता. हारांच्या दुकानाच्या पायरीवर निशिगंधाच्या काड्या पडल्या होत्या, त्या तुडवत ती बोळाच्या तोंडाशी आली आणि खांबाला टेकली. डोळ्यावर रक्त येत होतं, ओढणीने पुसलं की परत येत होतं. तिला वाटलं, झालं, इतकंच व्हायचं होतं. आपण आपली चूड लावून आलो, आणि आता रात्री वर ती पोरगी आणि ते दोघं. ती तिथेच बसली असती, पण मागून चप्पल नसलेल्या पावलांचा आवाज आला.

तृप्ती होती. पदर खोचलेला, खांद्यावर वडिलांची ती सीड्यांची कापडी पिशवी, छातीशी दाबून धरलेली. ती धापा टाकत होती. भाग्यश्रीच्या कपाळाकडे तिने बघितलं आणि पदराचं टोक दातांनी फाडून तिच्या हातात दिलं. "माले सटाणाले जानं शे," ती म्हणाली. "गाडी कोठे भेटी?" बोळात वर गोंधळ वाढत होता, कुणीतरी तिचं नाव घेऊन हाका मारत होतं. भाग्यश्रीने समोरून येणाऱ्या रिक्षाला हात केला. रिक्षा थांबेना म्हणून तृप्तीनेही केला, दोन्ही हात वर करून, आणि बांगड्या खळकन खाली सरकल्या. भाग्यश्रीने जवळून, अगदी जवळून बघितलं. मेंदी अजून कोपरापर्यंत होती, आणि मेंदीशिवाय त्या हातांवर काही नव्हतं.